तीन गाड्या, तीन फिल्टर

गाडी शिकवायची शाळा छोटीच होती. शिकवणारी माणसं तीन आणि गाड्याही तीन. गाड्या एकाच कंपनीच्या, एकाच वर्षी घेतलेल्या आणि एकाच पांढऱ्या रंगाच्या. त्यामुळे दारावर मोठे एक, दोन, तीन असे आकडे रंगवले होते. एक नंबरवर बाई स्वतः शिकवायच्या. शाळा त्यांनीच काढली होती आणि शहरातले निम्मे लोक त्यांना नुसतं 'बाई' म्हणूनच ओळखत. दोन नंबरवर बाईंचे यजमान. त्यांना सगळे 'सर' म्हणत. मैदानावर हात बसलेल्या लोकांना ते मोठ्या रस्त्यावर न्यायचे. तीन नंबरवर काका. काका नात्याचे कोणीच नव्हते, पण सरांच्या वडिलांचे मित्र होते. चौतीस वर्षं बस चालवून निवृत्त झाले आणि घरात करमेना म्हणून इथे आले. ज्यांचे पाय क्लचवर लटलट कापतात, असे अगदी नवे लोक बाई त्यांच्याच हवाली करत. काका कोणावर ओरडत नसत. तसं ते सगळ्यांशीच ओरडून बोलत, कारण बसच्या इंजिनाशेजारी बसून त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं. पण त्या ओरडण्यात राग नसायचा.

सगळं सुखाने चाललं होतं, आणि त्यात एक मुख्याध्यापिका गाडी शिकायला आल्या.

या मुख्याध्यापिका वही घेऊन यायच्या. गिअर कधी बदलायचा, आरसा कुठे वळवायचा, सगळं तारीख घालून लिहून घ्यायच्या. एका सकाळी तिन्ही गाड्या मैदानाच्या कडेला उभ्या होत्या, तिघं शिक्षक चहा पीत होते, तेव्हा त्यांनी विचारलं, "गाडीचं ऑइल किती दिवसांनी बदलायचं हो?"

"पाच हजार किलोमीटरला," बाई म्हणाल्या.

"दहा हजार," त्याच क्षणी सर म्हणाले.

"काळं झालं की!" काका ओरडले.

मुख्याध्यापिकांनी पेन उचललं, तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहिलं आणि पेन पुन्हा खाली ठेवलं. "मी दोन ओळी मोकळ्या सोडते," त्या म्हणाल्या. "तुमचं ठरलं की सांगा."

बोलणं अगदी सभ्य होतं, पण बाईंना ते दिवसभर टोचत राहिलं.

रात्रीचं जेवण उरकून भांडी आवरता आवरता त्यांनी विषय काढला. "अहो, दहा हजार कुठून आणलंत तुम्ही?"

"पुस्तकात लिहिलंय. गाडीसोबत येतं ते. आणि तुझे पाच हजार?"

"माझे वडील पाच हजाराला बदलायचे."

"तुझ्या वडिलांची गाडी कुठल्या जमान्यातली! तेव्हाचं ऑइल वेगळं, इंजिन वेगळं."

"आणि तुमचं पुस्तक लिहिणाऱ्याने आपलं मैदान पाहिलंय का?"

सर नुसते हसले. बाईंच्या नणंदबाई शेजारच्याच खोलीत मशीनवर बसल्या होत्या. सरांची थोरली बहीण ती. शाळेचे गणवेश शिवायची, आणि चुण्यांच्या स्कर्टमध्ये तिचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. भांडण चांगलं रंगलं की ती मशीन थांबवायची, म्हणजे एकही शब्द वाया जाऊ नये. आत्ताही मशीन बंद होतं.

"आणि फिल्टर?" तिने आतून विचारलं. "मागे तो कुठला लावायचा यावरून दोन दिवस अबोला होता ना तुमचा?"

"दोन दिवस नाही, एक दिवस," सर म्हणाले.

"दीड," बाई म्हणाल्या.

फिल्टर म्हणजे मुठीत मावेल एवढा पत्र्याचा डबा. आत घड्या घातलेला कागद असतो आणि इंजिनाचं ऑइल त्यातून सतत गाळलं जातं. बाजारात तो तीन तऱ्हेचा मिळत होता. गाडीच्या कंपनीचा निळा, दुसऱ्या एका कारखान्याचा पांढरा, आणि सगळ्यात स्वस्त, नाव-गाव नसलेला पिवळा. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणायचा, "सगळे सारखेच हो, रंग तेवढे वेगळे." तो हे इतक्या सहज म्हणायचा, की त्याने एकदाही फिल्टर उघडून पाहिला नसणार याबद्दल बाईंची खात्री होती.

पुढच्या सुट्टीच्या दिवशी बाईंनी तिन्ही रंगांचे दोन-दोन फिल्टर घेतले आणि गॅरेज गाठलं. बरोबर नणंद होती. तिला गाड्यांत काडीचा रस नव्हता, पण घरात बसून दुसऱ्या दिवशी ऐकण्यापेक्षा प्रत्यक्ष पाहिलेलं बरं, असा तिचा हिशेब.

गॅरेजवाल्याला गावभर 'डॉक्टर' म्हणत. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर आणि मूठ कानाला लावून तो आजार ओळखायचा, म्हणून. बाईंनी फिल्टर टेबलावर मांडले. "डॉक्टर, हे उघडून दाखवा."

"नवे कोरे?"

"नवे कोरे."

"बाई, लोक माझ्याकडे मोडलेलं जोडायला येतात," डॉक्टर म्हणाला, पण त्याचे डोळे चमकले होते. करवत मात्र त्याने घेतली नाही. करवतीने लोखंडाचा भुगा आत पडतो, मग आतलं काय आणि बाहेरचं काय कळत नाही, म्हणाला. पाइप कापायचं गोल हत्यार त्याने फिल्टरभोवती फिरवलं, आणि डबा उघडावा तसे तिन्ही फिल्टर उघडले.

कागदाची ती गोल नळकांडी बाहेर येताच नणंद खुर्ची ओढून पुढे सरकली. "अगं बाई! हे तर चुण्याच आहेत!"

"कागदाच्या," डॉक्टर म्हणाला.

"असू देत कागदाच्या. चुणी ती चुणीच." तिने चष्मा चढवला आणि बोटाने मोजायला सुरुवात केली. निळ्यात बावन्न, सगळ्या एका रुंदीच्या. पांढऱ्यात पन्नास, त्याही नीट. पिवळ्यात एकोणचाळीस, त्यातल्या चार एकमेकींना चिकटलेल्या आणि एके ठिकाणी बोट जाईल एवढी फट. "असा स्कर्ट मी शिवून दिला असता तर शाळेने परत पाठवला असता," ती म्हणाली. मग तिने कागदाचं टोक उजेडाकडे धरलं. "आणि हे बघ, जोड. इथे डिंक सुटलाय. इथून तुमचं ते ऑइल न गाळताच निघून जाईल की!"

डॉक्टरने तिच्या हातातून कागद घेतला, पाहिला आणि बाईंकडे वळून म्हणाला, "यांना कधी काम सोडायचं असेल तर माझ्याकडे पाठवा."

मग त्याने आतली रबरी चकती दाखवली. इंजिन बंद झालं की फिल्टरमधलं ऑइल खाली उतरून जाऊ नये म्हणून ती असते. निळ्याची आणि पांढऱ्याची चकती कानाच्या पाळीसारखी मऊ होती. पिवळ्याची वाकवली तर तशीच वाकडी राहिली.

"मग ठरलं," नणंद म्हणाली. "पिवळा बाद."

"टेबलावर बाद झाला," डॉक्टर म्हणाला. "पण गाडीत काय करतो ते चालवून बघावं. तुमच्याकडे तीन सारख्या गाड्या आहेत. अशी सोय कोणाकडे असते?"

बाईंच्या मनात नेमकं तेच होतं. दुसऱ्या दिवशी मैदानावर चहाच्या वेळी त्यांनी सरांना आणि काकांना बेत सांगितला. तिन्ही गाड्यांचं ऑइल एकाच दिवशी बदलायचं, तिन्हींत एकाच डब्यातलं ऑइल घालायचं, फक्त फिल्टर वेगळे. निळा सरांच्या गाडीला, पांढरा बाईंच्या. उरला पिवळा. तो कोणी घ्यायचा?

"माझ्या गाडीला लावा!" काका ओरडले. "माझी गाडी काहीही पचवते!"

चार महिन्यांनी तिन्ही गाड्या पुन्हा डॉक्टरच्या दारात उभ्या राहिल्या. मुख्याध्यापिका तोवर परवाना घेऊन मोकळ्या झाल्या होत्या. डॉक्टरने प्रत्येक गाडीच्या ऑइलचा एकेक थेंब टीपकागदावर सोडला आणि कागद तासभर बाजूला ठेवला. सरांच्या गाडीचा थेंब पसरून चहाच्या रंगाचा झाला होता. बाईंचा थोडा गडद, पण कडेपर्यंत सारखा पसरलेला. काकांच्या थेंबाच्या मधोमध मात्र काजळासारखा टिळा बसला होता आणि भोवती फिकट कडं. डॉक्टरने तो कागद नाकाशी नेला. "पेट्रोलचा वास येतोय. ऑइल थकलंय हे."

"आणि गाडी किती पळाली?" सरांनी विचारलं.

बाईंनी आकडे वाचले. सरांची नऊ हजार, बाईंची पाच हजार, काकांची सव्वीसशे.

"बघा!" सर मांडीवर थाप मारून म्हणाले. "सव्वीसशे किलोमीटरला ही अवस्था! पिवळ्या फिल्टरने केलं हे. माझे नऊ हजार झाले तरी ऑइल कसं आहे बघ. निळा लावा, दहा हजार चालवा, विषय संपला."

काका खाली बघत होते. गाडीच्या अपराधात आपलाही वाटा असल्यासारखं त्यांना वाटत होतं. बाईंनाही सरांचं पटायला आलं होतं. पण नणंद, जी या वेळी न बोलावता आली होती, कागदावरून नजर काढेना.

"कापड वाईट की हात वाईट?" ती म्हणाली.

"म्हणजे?"

"शिवण उसवली की गिऱ्हाईक म्हणतं कापड वाईट, आणि दुकानदार म्हणतो शिवणारीचा हात वाईट. मग मी काय करते? तेच कापड दुसऱ्या मशीनवर घालते. फिल्टर बदलून बघा की. काकांना निळा द्या आणि पिवळा हिच्या गाडीला लावा."

"माझ्याच का?" बाई म्हणाल्या.

"कारण तू तक्रार करशील. हा करणार नाही, ह्याला काही ऐकूच येत नाही गाडी चालवताना. गाणी म्हणत असतो."

सरांनी यावर हरकत घेतली नाही, कारण ते खरं होतं.

तिन्ही गाड्यांत पुन्हा नवं ऑइल पडलं, पिवळा फिल्टर बाईंच्या गाडीला लागला, आणि पंधरवड्यातच बाईंची तक्रार आली. सकाळी पहिल्यांदा गाडी सुरू केली की दोन-तीन क्षण इंजिन खडखडायचं, डब्यात खिळे हलवल्यासारखं. मग गप्प व्हायचं. ती कडक चकती ऑइल धरून ठेवत नव्हती, आणि रोज सकाळी इंजिन तेवढा वेळ कोरडं फिरत होतं. काकांना हा आवाज चार महिने ऐकू आलाच नव्हता. पिवळ्याचा निकाल लागला. बाईंनी तो काढून पुन्हा पांढरा लावला.

पण दोन महिन्यांनी थेंब पुन्हा टीपकागदावर पडले, तेव्हा काजळाचा टिळा तिसऱ्या गाडीलाच होता. पूर्वीइतका काळा नव्हता, पण बाकी दोन्हींपेक्षा खूपच. आणि या वेळी तर फिल्टर निळा होता.

सर हनुवटी खाजवत राहिले.

दुसऱ्या दिवशी बाईंनी आपला सकाळचा वर्ग पुढे ढकलला आणि मैदानाकडच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसल्या. गाडी क्रमांक तीन झाडाखाली उभी होती. चालकाच्या जागेवर एक नवखे गृहस्थ, शेजारी काका. काका हातवारे करत होते. क्लच म्हणजे काय, तो हळू का सोडायचा, चढावर गाडी मागे का येते, सगळं साग्रसंगीत चाललं होतं, आणि मागच्या नळीतून धूर येत होता. इंजिन चालूच होतं. बाईंनी घड्याळ लावलं. बावीस मिनिटांनी गाडी हलली, मैदानाला दोन फेऱ्या मारून पुन्हा झाडाखाली आली आणि पुन्हा इंजिन चालू ठेवून व्याख्यान सुरू झालं. दुपारपर्यंत चार तास इंजिन चाललं, आणि गाडी चालली जेमतेम वीस किलोमीटर.

बाईंनी पेन्सिल घेतली. दिवसाला साधारण पाच तास, महिन्याचे पंचवीस दिवस. चार महिन्यांत पाचशे तास. रस्त्यावर ताशी चाळीसने तेवढे तास गाडी पळाली असती, तर वीस हजार किलोमीटर झाले असते. गाडीचा काटा मात्र सव्वीसशे दाखवत होता. काटा खोटं बोलत नव्हता. चाकं किती फिरली तेवढंच त्याला ठाऊक होतं, इंजिन किती फिरलं ते नव्हतं.

कागदावरचे ते आकडे बघून बाईंना इतका आनंद झाला की त्या तशाच उठून नणंदेच्या खोलीत गेल्या. "ताई, हातच होता! कापड नव्हतं!"

"मग आता काकांना सांगणार कोण?" नणंद म्हणाली.

तिथे मात्र बाईंचं पाऊल अडलं. ज्या माणसाने चौतीस वर्षं बस चालवली, आणि एकदाही कोणाला ओरखडा येऊ दिला नाही, त्याला इंजिन बंद करायला शिकवायचं? सरांना विचारलं तर सर म्हणाले, "तूच सांग. तुझ्यावर ते रागावत नाहीत."

बाईंनी मग चहाची वेळ साधली. दोन कप घेऊन त्या स्वतः झाडाखाली गेल्या. काका एकटेच गाडीत बसले होते आणि गाडी घरघरत होती. बाई शेजारी बसल्या, आडवळणं घेतली नाहीत. कागद पुढे केला आणि तासांचं गणित सांगितलं, काकांना ऐकू यावं म्हणून मोठ्याने.

काकांनी कागद दोनदा वाचला. त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे गाडी मी आजारी पाडली."

"तसं नाही काका. ऑइल लवकर थकलं, एवढंच. इंजिन ठणठणीत आहे, डॉक्टरने कान लावून पाहिलंय."

काकांनी कागदाची घडी घालून तो खिशात ठेवला. मग हसले. "आमची बस एकदा बंद केली की पुन्हा सुरू व्हायची खात्री नसायची. उतारावर उभी केली तर ठीक, नाहीतर प्रवाशांना खाली उतरवून धक्का. मग कोण बंद करतो? जेवतानासुद्धा चालू ठेवायचो. क्लचवरून पाय कधी काढायचा हे शिकलो, पण किल्ली कधी फिरवायची हे शिकलोच नाही." असं म्हणून त्यांनी हात पुढे केला आणि किल्ली फिरवली.

गाडी शांत झाली. झाडावरचे पक्षी ऐकू आले. म्हणजे बाईंना ऐकू आले. काकांना आले की नाही कोण जाणे, पण त्यांनी वर पाहिलं खरं.

त्या आठवड्यात डॉक्टरने तिन्ही गाड्यांना तास मोजणारी छोटी घड्याळं बसवून दिली. जुन्या जनरेटरवर असतात तसली. इंजिन चालू असेल तेव्हाच ती पुढे सरकायची. मग चौघं टेबलाभोवती बसले, नणंद पाचवी. सर पुस्तक घेऊन आले होते. त्यांनी पहिल्यांदाच त्याची शेवटची पानं वाचली होती, आणि तिथे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, की गाडी सतत थांबत-थांबत चालत असेल तर ऑइल निम्म्या अंतरातच बदला.

"म्हणजे पुस्तकाने मैदान पाहिलं होतं," बाई म्हणाल्या.

"आणि तुझे वडीलही चुकले नव्हते," सर म्हणाले. लग्नानंतर हे वाक्य त्यांनी पहिल्यांदाच उच्चारलं असावं, कारण नणंदेने चष्म्यावरून त्यांच्याकडे रोखून पाहिलं.

ठरलं ते असं. मोठ्या रस्त्यावर पळणाऱ्या दोन नंबरला पुस्तकाप्रमाणे दहा हजार किलोमीटर. मैदानावरच्या एक आणि तीन नंबरला दोनशे तास, काटा काहीही म्हणो. फिल्टर निळा किंवा पांढरा, जो मिळेल तो, पण प्रत्येक ऑइलबरोबर नवा. आणि नव्या फिल्टरांची पेटी आली की त्यातला एक नणंदेने उघडून चुण्या मोजायच्या. ही शेवटची अट नणंदेने स्वतः घातली. नुसत्या रंगावर कसा विश्वास ठेवायचा, असं तिचं म्हणणं.

बाईंनी मुख्याध्यापिकांना फोन करून सगळं सांगितलं. पलीकडून पेनाचा आवाज येत होता. "दोन ओळींत मावणार नाही हे," त्या म्हणाल्या, "पण लिहिते मी समासात."

त्यानंतर झाली ती गोष्ट कोणीच ठरवली नव्हती. काका आता झाडाखाली गाडी उभी करून आधी किल्ली फिरवायचे आणि मग बोलायचे. इंजिनाची घरघर नसल्यामुळे ओरडायची गरज उरली नाही. पहिले काही दिवस ते सवयीने ओरडले, मग आपलाच आवाज त्यांना मोठा वाटायला लागला आणि तो हळूहळू खाली आला. आणि शिकणारे लोक, जे आजवर नुसत्या माना डोलवायचे, ते प्रश्न विचारायला लागले. शांततेत काकांना ते बऱ्यापैकी ऐकूही येत होते. एका शिकणाऱ्या महिलेने विचारलं, पाय कापतो तेव्हा काय करायचं? काकांनी सांगितलं, पहिल्या दिवशी बसवर माझाही कापत होता. हे त्यांनी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं, कारण आजवर कोणी विचारलंच नव्हतं.

महिनाअखेरीला तीन नंबरच्या पाच जणांनी परीक्षा दिली आणि पाचही जण पहिल्या झटक्यात पास झाले. सरांच्या दोघांपैकी एक नापास.

"गाणी कमी म्हण," नणंद भावाला म्हणाली.

खिडकीतून बाईंना तीन नंबर दिसत होती. नवी शिकणारी मुलगी काहीतरी विचारत होती, काका कान पुढे करून ऐकत होते, आणि मागच्या नळीतून धूर येत नव्हता. बाईंनी आपल्या गाडीची किल्ली उचलली. साडेदहाचा वर्ग होता, आणि फाटकाशी त्यांच्याकडे शिकणारे गृहस्थ कधीचे येऊन उभे होते.